मद्यमुक्तीच्या बैठकीची वाट

सायंकाळीं मुंबईहून कर्जतच्या बाजूस जाणारी लोकल कल्याण सोडते, तेव्हां डब्यांतील गर्दी थोडी सैल होते आणि उभ्या असलेल्या माणसांची दृष्टि प्रथमच डब्याच्या भिंतीकडे जाते. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशीं स्थानकें क्रमानें येऊं लागतात. भिंतीवर नोकरीच्या, शिकवणीच्या आणि कर्जाच्या जाहिरातींच्या जोडीनें पुष्कळदां एक लहानसा कागद चिकटविलेला आढळतो : ‘न सांगतां दारू सोडवा.’ खालीं एक दूरध्वनीचा क्रमांक असतो. डॉक्टरचें नांव नसतें, औषधाचें नांव नसतें. तरीहि एखादी स्त्री उतरण्यापूर्वीं तो क्रमांक हळूच टिपून घेते, आणि टिपतांना कोणीं पाहिलें तर नाहीं ना, म्हणून एकवार मागें वळून पाहते.

त्या कागदाचें सारें सामर्थ्य ‘न सांगतां’ या दोन शब्दांत सांठविलेलें आहे. ज्या घरांत दारू शिरली, त्या घरांत सर्वांत अवघड गोष्ट कोणती असेल, तर ती सांगणें हीच होय. पत्नीनें माहेरीं काय सांगावें? मुलानें शाळेंत काय सांगावें? आणि ज्याचा हात सकाळीं चहाची कपबशी उचलतांना थरथरतो, त्यानें स्वतःला तरी काय सांगावें? अशा घरास न सांगतां होणारा उपाय हवासा वाटावा, हें स्वाभाविक आहे. आजच्या भाषणाचा विषय मात्र याच्या नेमका उलट आहे. सांगणें आणि ऐकणें हेंच ज्यांत औषध आहे, असा एक उपाय जगांत गेलीं नव्वद वर्षें चालू आहे. मद्यमुक्तीची इच्छा धरणाऱ्या माणसांची ठराविक वारीं, ठराविक वेळीं भरणारी बैठक, असें त्याचें साधें रूप आहे. ही बैठक म्हणजे काय, ती कशी शोधावी, आणि शोधल्यावरहि पाय उंबरठ्यापाशीं कां अडखळतो, याचा येथें विचार करावयाचा आहे.

कल्याणपलीकडील हीं तीन गांवें एकमेकांस लागून असलीं, तरी त्यांचे जन्म निरनिराळे आहेत. अंबरनाथचें शिवमंदिर शके ९८२ चें, म्हणजे इ. स. १०६० चें, शिलाहारांच्या राजवटींतील. ज्या वालधुनीच्या कांठीं तें उभें आहे, त्याच परिसरांत विसाव्या शतकांत आगपेट्यांचा कारखाना, सरकारी शस्त्रनिर्मितीचा कारखाना आणि पुढें मोठी औद्योगिक वसाहत आली. उल्हासनगर ही मुळांत दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथें आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें त्या छावणीचें शहर झालें. अजूनहि तेथील रहिवासी पत्ता सांगतांना ‘कँप नंबर तीन’, ‘कँप नंबर चार’ असेंच सांगतात. बदलापूर हें उल्हास नदीच्या कांठचें जुनें गांव. मुंबईंत आणि ठाण्यांत जागा परवडेनाशी झाली, तशीं मराठी मध्यम वर्गांतील कुटुंबें रेल्वेच्या रुळांमागोमाग तेथवर सरकत गेलीं.

एक गोष्ट मात्र तिन्ही ठिकाणीं समान आहे. येथील बहुतेक माणसें दुसरीकडून आलेलीं आहेत. पहाटेची गाडी पकडावयाची, रात्रीं परतावयाचें, आणि रविवारीं झोंप काढावयाची, असा हजारों घरांचा क्रम आहे. शेजार असतो, परंतु तीन पिढ्यांचा जो शेजार हक्कानें दोन शब्द सुनावतो आणि हक्कानेंच सांवरूनहि घेतो, तो नसतो. अशा वस्तींत पिणाऱ्या मनुष्याची बातमी जिन्यांतून सर्वत्र पोंचते. मदत मात्र एकाहि मजल्यावरून येत नाहीं. लाज पुरेशी, आधार अपुरा, अशी ही स्थिति आहे.

ज्या १९४९ सालीं उल्हासनगरास त्याचें नांव मिळालें, त्याच सालीं मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा झाला, हा एक योगायोगच म्हणावा. पुढच्या वर्षीं संपूर्ण दारूबंदी अमलांत आली. कालांतरानें तिचे निर्बंध सैल करण्यांत आले. परवान्याची पद्धति तेवढी कागदोपत्रीं आजहि शिल्लक आहे. त्या कायद्याच्या गुणदोषांची चर्चा पुष्कळ झालेली आहे. येथें एवढेंच लक्षांत घ्यावें कीं, दुकान उघडें ठेवावें कीं बंद, हें कायदा ठरवितो. दुकानावरून घरीं जाणाऱ्या मनुष्याचे पाय आज तिकडे वळतील कीं नाहीं, याचा निर्णय कायद्याच्या हातांत नसतो.

हा प्रश्न किती घरांचा आहे, याचा अंदाज केंद्र सरकारनें करविलेल्या आणि २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीवरून येतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें ही पाहणी केली. तिच्यानुसार देशांत सुमारें १६ कोटी लोक मद्य घेतात, आणि त्यांपैकीं साडेपांच कोटींहून अधिक लोकांचें पिणें अपायकारक किंवा व्यसनाच्या थराला पोंचलेलें आहे. याहून बोलका आंकडा पुढचा आहे : मद्याच्या आहारीं गेलेल्या ३८ माणसांमागें अवघ्या एकास कसला ना कसला उपचार मिळाल्याचें दिसून आलें. उरलेले ३७ कोठें असतात? ते घरींच असतात. कामावर जातात, घसरतात, शपथा घेतात, मोडतात आणि पुन्हां घेतात.

शपथ आणि तिचा भंग यांचें चित्र मराठी रंगभूमीनें फार पूर्वींच पाहिलेलें आहे. राम गणेश गडकरी यांचें ‘एकच प्याला’ हें नाटक त्यांच्या निधनानंतर १९१९ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतील सुधाकर हा बुद्धिमान वकील. अपमानाच्या एका क्षणीं तळीराम त्याच्या हातीं पहिला प्याला देतो, आणि तेथून एका संसाराचा नाश सुरू होतो. त्या नाटकांत पिणाऱ्यांचें एक मंडळहि आहे, आणि प्रेक्षक आजवर त्याला मनमुराद हंसत आले आहेत. परंतु हंसें ओसरल्यावर एक गोष्ट ध्यानांत येते. सुधाकरापाशीं पाजणारा तळीराम होता, उपदेश करणारा सज्जन मित्र रामलाल होता, आणि निमूटपणें सोसणारी सिंधु होती. एकच मनुष्य त्याच्याभोंवतीं नव्हता : जो स्वतः त्या प्याल्यांत बुडाला आहे आणि बाहेर आला आहे, असा. पिणाऱ्यांचें मंडळ होतें, सोडणाऱ्यांचें नव्हतें.

सोडणाऱ्यांचें असें मंडळ त्यानंतर सोळा वर्षांनीं अमेरिकेंत जन्मास आलें, आणि त्याच्या जन्माची कथा एका शोधाचीच कथा आहे. विल्यम विल्सन हा न्यू यॉर्कच्या शेअरबाजारांतील दलाल. मद्यानें त्याचें सर्वस्व नेलें होतें. १९३४ च्या डिसेंबरांत त्यानें दारू सोडली. पुढील मे महिन्यांत धंद्याच्या कामासाठीं तो ओहायो राज्यांतील ॲक्रन या गांवीं गेला. काम फसलें. शनिवारची संध्याकाळ, परकें गांव, खिशांत फारसे पैसे नाहींत, आणि हॉटेलच्या दालनाच्या एका बाजूस मद्यगृहांतील हंसण्याखिदळण्याचा आवाज. दुसऱ्या बाजूस दूरध्वनि होता आणि गांवांतील प्रार्थनामंदिरांची यादी टांगलेली होती. विल्सन त्या यादीकडे वळला. ‘या गांवांत मजसारखा दुसरा कोणी मद्यपी आहे काय? मला त्याच्याशीं बोलावयाचें आहे,’ अशी त्याची विचारणा होती. एकामागून एक नांवें घेत अखेर तो एका बाईंपर्यंत पोंचला, आणि त्यांनीं दुसऱ्या दिवशीं त्याची गांठ गांवांतील एका शल्यवैद्याशीं घालून दिली. त्या शल्यवैद्याचें नांव डॉक्टर रॉबर्ट स्मिथ.

डॉक्टर मजकुरांनीं पंधराच मिनिटें देण्याचें कबूल केलें होतें. उपदेश ऐकून ऐकून त्यांचे कान किटलेले होते. पण पाहुण्यानें उपदेश केलाच नाहीं. तो स्वतःची हकीकत सांगूं लागला. आपण का बोलतों, तर आपणांस आज प्यावयाचें नाहीं म्हणून, हेंहि त्यानें सांगून टाकलें. संध्याकाळीं पांचास सुरू झालेलें तें बोलणें रात्रीं उशिरापर्यंत चाललें. डॉक्टरांनीं शेवटचा प्याला घेतला तो १० जून १९३५ रोजीं, आणि हाच दिवस ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघाचा स्थापनादिन मानला जातो. त्यानंतर ते दोघे रुग्णालयांत पडलेल्या ज्या तिसऱ्या मनुष्याच्या उशाशीं जाऊन बसले, तो पेशानें वकील होता. सुधाकराच्या वांट्यास जें आलें नाहीं, तें त्या वकिलाच्या वांट्यास आलें.

या उगमांतच बैठकीचें सारें मर्म आहे. सुटलेला मनुष्य बुडणाऱ्यास मदत करतो ती उपकारबुद्धीनें नव्हे. तसें केल्यावांचून तो स्वतःहि सुटलेला राहत नाहीं, म्हणून. १९३९ सालीं संघाचा ग्रंथ निघाला आणि त्यांत बारा पायऱ्या प्रथम छापल्या गेल्या. मद्यापुढें आपलें बळ चालत नाहीं, ही कबुली पहिली. पुढें स्वतःच्या दोषांची प्रामाणिक झडती, ती दुसऱ्या एका मनुष्यापुढें उघड करणें, ज्यांना आपल्यामुळें इजा पोंचली त्यांची यादी करून शक्य तेथें भरपाई करणें, आणि अखेरीस हा मार्ग दुसऱ्या मद्यप्यापर्यंत पोंचविणें. भारतांत हा संघ १९५७ सालीं रुजला. त्याचें देशाचें कार्यालय मुंबईंत आहे. मुंबई व आसपासच्या उपनगरांतून त्याचे गट ठिकठिकाणीं चालतात, आणि बोलण्याची भाषा गटागणिक मराठी, हिंदी वा इंग्रजी अशी असते.

प्रत्यक्ष बैठकींत काय होतें, याविषयीं नवख्याच्या मनांत नाना शंका असतात. वास्तविक त्या खोलींत पाहण्यासारखें फार थोडें असतें. पुष्कळदां ती एखाद्या शाळेंतील वर्गखोली असते किंवा चर्चच्या आवारांतील एखादें दालन; कांहीं बांकें, चहा, आणि भिंतीवर तात्पुरते टांगलेले एकदोन फलक. दारावर मोठी पाटी बहुधा नसते. सुरुवातीस संघाचें उद्दिष्ट वाचून दाखवितात. मग एकेक जण आपलें केवळ पहिलें नांव सांगून, आपण मद्यपी आहों असें म्हणून, मनांतलें बोलतो. कोणी मध्यें बोलत नाहीं, कोणी सल्ला देत नाहीं, कोणी हुज्जत घालीत नाहीं. ज्याला बोलावयाचें नाहीं, त्यानें नुसतें ऐकावें. तासदीड तासानें बैठक संपते. सभासदत्वास प्रवेशपत्रिका नाहीं, वर्गणी नाहीं, जात-धर्म-हुद्दा यांची चौकशी नाहीं. दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट आहे. खर्चासाठीं एक पिशवी फिरते, तींत सभासदांनीं इच्छेप्रमाणें टाकावें. बाहेरच्यांकडून देणगी घ्यावयाची नाहीं, असा संघाचा दंडक आहे. जन्मभर पिणार नाहीं, अशी प्रतिज्ञाहि कोणी करावयास लावीत नाहीं. आजचा दिवस पिणार नाहीं, एवढेंच. ज्यानें जन्माच्या शपथा शंभरदां मोडल्या आहेत, त्याला एका दिवसाचा हा हिशेब प्रथमच आपल्या आवांक्यांतला वाटतो.

आतां शोधाची गोष्ट. पहिला सोपा मार्ग म्हणजे संघाच्या मुंबईच्या कार्यालयाकडे किंवा त्याच्या मदत-क्रमांकावर चौकशी करणें, आणि कल्याणपासून बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यांत कोणत्या वारीं, कोठें, कोणत्या भाषेंत बैठक आहे, तें विचारून घेणें. कोणीं तरी पूर्वीं दिलेला किंवा छापील यादींतला पत्ता प्रमाण मानूं नये. जागा शाळेची असली म्हणजे सुट्ट्या, परीक्षा, दुरुस्ती यांमुळें वार आणि खोली बदलतात. बंद दारासमोरून परत फिरलेला मनुष्य पुन्हां येईलच, असें नाहीं. म्हणून निघण्यापूर्वीं एकदां विचारून घ्यावें. दुसरा मार्ग केंद्र सरकारच्या व्यसनमुक्तीच्या १४४४६ या निःशुल्क क्रमांकाचा, आणि मनःस्वास्थ्यासाठीं असलेल्या १४४१६ या क्रमांकाचा. तिसरा मार्ग डॉक्टरांचा. सरकारी रुग्णालयांतील मनोविकारतज्ज्ञांस आणि व्यसनमुक्ति केंद्रांस जवळपासच्या गटांची माहिती पुष्कळदां असते.

चौकशी करतांना एक विचारणा आवर्जून करावी : ‘प्रथमच येणाऱ्यास कोणी स्थानकावर भेटूं शकेल काय?’ बहुधा भेटतें. कारण पहिल्या दिवशींची ती वाट किती लांब असते, हें सांगणाऱ्यास स्वतःच्या अनुभवानें ठाऊक असतें. कांहीं बैठका खुल्या असतात. त्यांना पत्नी, भाऊ, मित्र, कोणीहि जाऊं शकतें. कांहीं केवळ मद्यप्यांसाठींच असतात. हा भेद आधीं विचारून घेतला, म्हणजे दारांत ओशाळें होण्याची वेळ येत नाहीं.

यापुढें खरी अडचण येते. उल्हासनगरचा दुकानदार म्हणतो, ‘तेथें माझें गिऱ्हाईकच भेटलें तर?’ अंबरनाथचा कारखान्यांतील कामगार म्हणतो, ‘पर्यवेक्षकच शेजारीं बसला असेल तर?’ बदलापूरचा शिक्षक म्हणतो, ‘एखाद्या विद्यार्थ्याचा बाप असेल तर?’ या भीतीला दोन उत्तरें आहेत. पहिलें असें कीं, जो भेटेल तोहि त्याच कारणासाठीं आलेला असेल, आणि तेथें पाहिलेला चेहरा व ऐकलेली गोष्ट बाहेर न्यावयाची नाहीं, हा या संघाचा पायाच आहे. त्याच्या नांवांतच ‘अनामिक’ हा शब्द आहे. दुसरें उत्तर रेल्वेनें देऊन ठेवलेलें आहे. या पट्ट्यांतील पुष्कळांच्या खिशांत मासिक पास असतोच. ज्याला स्वतःच्या गांवची बैठक नकोशी वाटते, त्यानें दोन स्थानकें पुढें किंवा मागें उतरावें. बदलापूरच्या मनुष्यास कल्याण आणि कल्याणच्या मनुष्यास बदलापूर अर्ध्या तासाच्या पलीकडे नाहीं. शिवाय पहिल्या तीन महिन्यांत जितक्या अधिक बैठका होतील, तितकें बरें, असें जुनी माणसें सांगतात. तेव्हां एकाच गांवांत अडकून पडण्याचें कारणहि नाहीं.

परंतु बैठकीला निघण्यापूर्वीं एक सूचना नीट ध्यानांत घेतली पाहिजे, कारण तिच्यावर प्राण अवलंबून असतात. अनेक वर्षें रोज भरपूर पिणाऱ्यानें निश्चयाच्या भरांत एका दिवसांत दारू बंद केली, तर पहिल्या दोनतीन दिवसांत हातपाय कांपणें, घाम, निद्रानाश यांच्या पुढें जाऊन फिट येऊं शकते. मनुष्य भ्रमिष्ट होतो, नसलेलें दिसूं लागतें, आणि उपचार न झाल्यास मृत्यूहि ओढवतो. ही कमकुवत मनाची खूण नव्हे; मेंदूची संवय मोडण्याचा तो शारीरिक परिणाम आहे, आणि त्यावर औषधें आहेत. म्हणून अशा मनुष्यानें प्रथम डॉक्टरांस गांठावें. उल्हासनगरचें सरकारी मध्यवर्ती रुग्णालय याच पट्ट्यांत आहे. डॉक्टर शरीर सांवरतात; बैठक पुढचे दिवस सांवरते. एकानें दुसऱ्याची जागा घ्यावी, असा आग्रह दोघांनींहि धरूं नये.

त्याच कारणानें लोकलच्या भिंतीवरील त्या कागदाकडेहि पुन्हां वळावें लागतें. डायसल्फिराम नांवाचें एक औषध आहे. १९४८ च्या सुमारास डेन्मार्कमधील संशोधकांनीं मद्याच्या संदर्भांत त्याचा गुण जगापुढें मांडला. तें घेतलेल्या मनुष्यानें दारू प्यायल्यास चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब घसरतो. रुग्णाच्या संमतीनें आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीं हें औषध उपयोगीं पडतें. परंतु कोणास न कळवितां आमटींत किंवा चहांत तें कालविलें, आणि त्या बिचाऱ्यानें नेहमींप्रमाणें दारू घेतली, तर हृदयावर आघात होऊन तो दगावूं शकतो. निनांवी पुड्यांत काय असतें, हें देणारीस कळण्यास मार्ग नसतो. पतीचे प्राण वांचविण्यासाठीं धडपडणाऱ्या स्त्रीच्या हातून, तिच्याच मायेपोटीं, असा अनर्थ घडावा, याहून दारुण गोष्ट कोणती? शिवाय आपणांस फसवून औषध दिलें, हें कळल्यावर त्या घरांत उरलासुरला विश्वासहि राहत नाहीं.

मग त्या स्त्रीनें करावें तरी काय? सिंधूप्रमाणें सोसावें, हें उत्तर मराठी प्रेक्षकांनीं एक शतक अश्रू ढाळून ऐकलें आहे. विल्सनच्या पत्नीनें, लोइस विल्सन यांनीं, दुसरें उत्तर शोधलें. मद्यप्यांच्या कुटुंबीयांसाठीं १९५१ सालीं ‘अल-ॲनॉन’ हा स्वतंत्र संघ उभा राहिला. तेथें पत्नी, आई, बाप, बहीण, मुलगा अशीं माणसें एकत्र बसतात आणि तीन गोष्टी हळूहळू शिकतात : हें व्यसन आपल्यामुळें लागलेलें नाहीं, आपल्या ताब्यांत तें येणार नाहीं, आणि तें बरें करणें आपल्या हातीं नाहीं. मग आपल्या हातीं काय आहे? कचेरींत ‘त्यांना ताप आहे’ असें खोटें न कळविणें. गुत्त्याची उधारी न फेडणें. रात्रीं बाटल्या न हुंगणें. मुलांना वेळेवर जेवूं घालणें. आणि मारहाण होत असेल तर ती सहन न करतां सुरक्षित जागीं निघून जाणें. पती अद्याप बैठकीस तयार नसला, तरी पत्नीनें तिच्यासाठींच्या बैठकीस जाण्यास त्याच्या संमतीची गरज नाहीं. पुष्कळ घरांत पहिलें पाऊल असेंच पडलेलें आहे.

महाराष्ट्रांत या कामाला स्वतःचें असें मराठी वळणहि लाभलें आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनीं पुण्यास १९८६ सालीं ‘मुक्तांगण’ हें व्यसनमुक्ति केंद्र सुरू केलें, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांचा त्याला आरंभापासून आधार होता. तेथें पत्नींसाठीं जो गट चालतो, त्याचें नांव ‘सहचरी’. त्याआधीं, १९८१ सालीं, मुंबईंत वांद्र्यास फादर जो परेरा यांनीं ‘कृपा’ संस्था काढली. ते स्वतः मद्याच्या पाशांतून सुटलेले आहेत आणि तें त्यांनीं जगापासून लपविलेलें नाहीं. अशा केंद्रांतून बाहेर पडलेल्या मनुष्यास गांवीं परतल्यावर जो आधार लागतो, तो मात्र त्याला गांवांतच शोधावा लागतो. आणि तेथें पुन्हां आठवड्याची ती बैठकच उपयोगीं येते.

दोन आक्षेप येथें नेहमीं निघतात. पहिला असा कीं, पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे. मग हा पंथ ख्रिस्ती लोकांचा तर नव्हे? संघाचा उगम ख्रिस्ती समाजांत झाला, आणि पुष्कळ बैठका चर्चच्या आवारांत भरतात, हें खरें. परंतु ज्याला जसा उमगेल तसा ईश्वर, अशी सूट मूळ शब्दांतच आहे, आणि कित्येक नास्तिक सभासद त्या जागीं समूहाचेंच बळ मानतात. ज्या प्रांतांत वारकरी तुळशीची माळ घालतांना मद्य वर्ज्य करतो, आणि ती माळ टिकते ती एकट्याच्या निश्चयापेक्षां दिंडीच्या संगतीनें, त्या प्रांतास ही कल्पना परकी वाटण्याचें कारण नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, नुसत्या बोलण्यानें दारू सुटते, याला पुरावा काय? या प्रश्नाचा छडा लावणारा एक मोठा आढावा २०२० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसें यांचा विचार केलेला होता. या संघाच्या मार्गाकडे पद्धतशीरपणें वळविलेल्यांपैकीं, वर्ष संपतांना पूर्णपणें मद्यमुक्त असलेल्यांचें प्रमाण शेंकडा ४२ च्या सुमारास भरलें. दुसऱ्या मान्यताप्राप्त मानसोपचारांत तें ३५ च्या सुमारास होतें. हे अभ्यास मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील आहेत, हें विसरूं नये. शिवाय या आंकड्यांचा दुसरा अर्थहि प्रामाणिकपणें वाचला पाहिजे : अर्ध्याहून अधिक लोक वर्षभरांत कधीं ना कधीं घसरले. बैठक हा जादूचा ताईत नाहीं. कांहींना ती मानवत नाहीं. त्यांनीं डॉक्टर, समुपदेशक, औषधें हे मार्ग धरावेत. परंतु घसरलेल्यास पुन्हां त्याच खोलींत, त्याच बांकावर, एकहि टोमणा न ऐकतां बसतां येतें, ही सोय जगांत फार थोड्या ठिकाणीं आहे. घरीं ती नसते. कचेरींत नसते. कित्येकदां देवळांतहि नसते.

तेव्हां एखाद्या सायंकाळीं बदलापूरच्या गाडींतून एक मनुष्य मधल्याच स्थानकावर उतरतो. हातांत पत्ता लिहिलेली चिठ्ठी आहे. तो शाळेच्या फाटकासमोरून एकदां पुढें जातो, कोपऱ्यावरच्या पानपट्टीपाशीं थांबतो आणि परत येतो. दुसऱ्या वेळींहि पुढेंच जातो. मद्याच्या दुकानांत जातांना ज्याचें पाऊल कधीं अडखळलें नाहीं, त्याला या मोडक्या फाटकाची भीति वाटते. आंत एका वर्गांत दिवा लागलेला आहे. तेथें कोणी तरी खिडकीपाशीं मुद्दाम बसलेला असतो. कारण फाटकासमोरून दोनदां जाऊन तिसऱ्यांदा आंत शिरणारीं माणसें त्यानें पुष्कळ पाहिलेलीं आहेत, आणि कित्येक वर्षांपूर्वीं तोहि तसाच आंत आलेला आहे. तो उठतो, व्हरांड्यांत येतो आणि विचारतो, ‘बैठकीला आलांत ना? या. चहा तयार आहे.’